मिटलं

दादाने दुकानात माप पाहिलंच नाही. आईच्या पुढच्या खोलीच्या खिडकीचं डावं तावदान त्याला पाठ होतं. वर्षभरात ते इतक्या वेळा फुटलं होतं की त्या मापाची एक काच तो हल्ली कापून तयारच ठेवायचा, मागच्या भिंतीला टेकवून. रविवार असल्यामुळे घाई नव्हती. त्याने काच जुन्या चादरीत गुंडाळली, काच बसवायच्या लांबीचा डबा आणि पटाशी पिशवीत टाकली आणि बायकोला टेम्पोत शेजारी बसवून निघाला. काच तिच्या गुडघ्यांना टेकून उभी होती.

"वळणावर हळू घ्या," ती म्हणाली. "काल एकाला टाके पडलेत तेवढे पुरेत."

दार ताईने उघडलं आणि ती दारातच उभी राहिली.

"काच गाडीत ठेव परत."

"का? दुसऱ्या कुणाकडून बसवून घेतलीस?"

"आज काच बसवायची नाही."

दादाने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. जमिनीवर तुकडे तसेच पडले होते, कालपासून तसेच. दगड धाकट्या भावाच्या, टिल्लूच्या खुर्चीखाली होता. चौकटीत वरच्या कोपऱ्याला काचेचा एक सुळा अडकून राहिला होता आणि पडदा त्याला घासून आतबाहेर करत होता. दादाला ते बघवेना. आबांनी ज्या दिवशी त्याच्या हातात काच कापायचा हिरा दिला, त्याच दिवशी बजावलं होतं की काचवाल्याच्या घरात फुटकी काच दिसता कामा नये. आबा जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या शिस्तीत खंड पडला नव्हता.

"निदान झाडायचं तरी. कुणाच्या पायात जाईल."

"झाडू मी लपवलाय. म्हणून आई माझ्याशी बोलत नाहीये."

"हे तुझं प्रयोगशाळेतलं डोकं इथे नको चालवूस, ताई. तिकडे ठेव तुझे नमुने."

"नमुनाच आहे हा. इस्पितळातून पोलिसांना कळवलंय. ते येऊन बघेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"आणि वारा? आणि शेजारी?"

"वारा येऊ दे. शेजारी बघू देत."

दादाने बायकोकडे पाहिलं. ती आधीच चप्पल काढून, तुकडे चुकवत, भिंतीच्या कडेकडेने आत निघाली होती.

*

स्वयंपाकघरात सासूबाई भाजी चिरत होत्या आणि ती गरजेपेक्षा फार बारीक चिरली जात होती. वहिनीने काही न बोलता दुसरी विळी ओढली.

"घर असं उकिरड्यासारखं ठेवून पोलिसांना दाखवायचं म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना वाटेल, या बाईला झाडता येत नाही."

"त्यांना काय वाटायचं ते वाटू दे, आई. टिल्लूभावजी कसे आहेत?"

"विचार त्यालाच."

टिल्लू दारात आला आणि दोघींनी एकदमच म्हटलं, "डोकं सांभाळ." जन्मला तेव्हा तो तळहाताएवढा होता म्हणून हे नाव पडलं, आता चाळिशीला आला होता आणि घरातल्या एकाही दारातून न वाकता जाऊ शकत नव्हता. त्याच्या भुवईवर पांढरी पट्टी होती आणि त्याखाली डोळा सुजून बारीक झाला होता.

"माझी खुर्ची कुठाय?"

"तिथेच आहे, बाळा. आज इथे बस."

"इथून काही दिसत नाही," टिल्लू म्हणाला, पण बसला.

दादा मागोमाग आला. तो बसला नाही. उभ्यानेच बोलला, म्हणजे हे त्याने टेम्पोत ठरवून आणलं होतं. "आई, आता पुरे झालं. काल डोळा वाचला. सामान बांध. तू आणि टिल्लू आमच्याकडे चला."

आणि मग नेहमीप्रमाणे सगळे वहिनीकडे बघू लागले.

ही नजर तिच्या ओळखीची होती. आबा गेल्यावर आधी ती अशी वळली होती, मग टिल्लूला न्यूमोनिया झाला तेव्हा. दर वेळी नवरा म्हणायचा, हिला विचारून सांगतो. तिला या घरात कुणी कजाग म्हणत नव्हतं, पण तिच्यासमोर बोलताना सगळे जरा जपून बोलायचे. का, ते कळायला तिला बरीच वर्षं लागली.

"माझ्याकडे काय बघताय? मी कधी नाही म्हटलंय?"

दादा खाकरला.

"नाही, आज होऊनच जाऊ दे. यांनी मला आजवर एकदाही विचारलेलं नाही. 'हिला विचारतो' म्हणतात आणि माझ्या नावावर बिल फाडतात." तिने विळी बाजूला सारली. "आई, तुम्ही या. मुलींची खोली रिकामी करते. मुली हॉलमध्ये झोपतील, त्यांना तेवढंच गप्पांना निमित्त. पण एक सांगू का? आमच्याही घराला खिडक्या आहेत."

दारात उभ्या असलेल्या ताईने तिच्याकडे पाहिलं. नणंद म्हणून ती वहिनीकडे नेहमी सौजन्याने बघायची. आज नुसतं बघितलं.

"म्हणजे तुझं म्हणणं काय?" दादाने विचारलं.

"म्हणणं हेच, की यायचं असेल तर त्यांनी हौसेने यावं. पोरांनी हाकललं म्हणून नाही."

"मी कुठेही येणार नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "इथे टिल्लूला सगळा रस्ता ओळखतो."

सगळा रस्ता त्याला ओळखत होता, हेच तर झालं होतं.

*

पोलीस दुपारी आले. ताईने दार उघडलं तेव्हा तिने मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. हवालदार ओळखीचा होता. त्याने पायपुसण्यावर बूट नीट घासले आणि पडून आलेल्या मुलाला विचारावं तसं विचारलं, "काय आजी, पुन्हा?" त्याच्या मागे एक बाई होत्या, गणवेशातल्या, ताईपेक्षा वयाने लहान. नवीन बदलून आलेल्या फौजदार. त्यांनी बोलायच्या आधी खोलीभर नजर फिरवली, हे ताईला आवडलं.

हवालदाराचं लक्ष जमिनीकडे गेलं. "अरेच्चा! या वेळी खरंच फुटलीय की!"

"या वेळी खरंच, म्हणजे?" फौजदार बाईंनी विचारलं.

"म्हणजे मॅडम, आम्ही येतो तेव्हा काच जागेवर असते. अगदी चकचकीत. पायरी धुतलेली. आजी पाणी देतात, म्हणतात, काही विशेष नाही, तुम्ही आलात बरं वाटलं. मग आम्ही लिहायचं काय? पाहणी केली, नुकसान दिसलं नाही." तो जरा थांबला. "आणि बऱ्याचदा तर निघायच्या आधीच फोन येतो. मिटलं म्हणून."

"कुणाचा फोन?"

हवालदाराने टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग दादाकडे पाहिलं. "यांचा."

ताईला आधी अर्थच लागला नाही. ती स्वतः ठाण्यावर गेली होती. एकदा नाही, अनेकदा. कामावरून सुटून, बसने, उपाशी. काउंटरमागचा तो अंमलदार तिचं सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी बारीकसं हसायचा. ती घरी येऊन सांगायची, हे लोक आळशी आहेत, यांना माणसाची किंमत नाही. ते का हसत होते, ते आज कळत होतं. सकाळी भाऊ सांगत होता की मिटलं आणि संध्याकाळी बहीण येऊन टेबलावर हात आपटत होती.

"दादा, तू फोन करायचास?"

"हो."

"मिटलं म्हणून?"

"मग? मी काच बसवली होती." तो खरोखर गोंधळला होता, हे ताईला दिसत होतं आणि त्यामुळे तिला जास्तच राग येत होता. "काम झालं की मी गिऱ्हाइकाला फोन करून सांगतोच ना, झालं म्हणून? तसंच. यांना उगाच हेलपाटा कशाला? आणि हे येणार कधी, तर यांच्या सवडीने. तोवर मी दुकान बंद ठेवून इथे बसू?"

"काच बसवली म्हणजे मिटलं?"

"काचेचं तरी मिटलं ना!"

हवालदाराला वाटलं, आपली बाजू वर आली. "मिटलं म्हटलं की आमच्याकडे तो कागद बंद होतो, ताई. पुढचं काही आलं की नवीन कागद."

"म्हणजे दर वेळी पहिलाच दगड," फौजदार बाई म्हणाल्या.

बाई हवालदाराकडे वळल्या.

"आणि मुलं कोण आहेत, ते माहीत नाही आपल्याला?"

"माहीत आहेत ना. कोपऱ्यावरच्या इमारतीतली. चांगल्या घरची आहेत, मॅडम. त्या वयात मस्करी करतात. आणि हा पण हसतो की त्यांच्याबरोबर. मी स्वतः पाहिलंय."

"जास्त लागलं की हसतो तो," आई म्हणाली. ती कधी बाहेर येऊन उभी राहिली, ते ताईला कळलंच नव्हतं. "लहानपणापासून. हात भाजला तेव्हाही हसत होता. म्हणून तर उशिरा कळलं आम्हाला."

फौजदार बाईंनी मान हलवली आणि हवालदाराकडे पाहिलं नाही.

ताई भावाकडे वळली. "तुला कल्पना आहे मी तिथे काय काय ऐकून घेतलंय?"

"त्याला बोलू नकोस," आई म्हणाली. "फोन कर म्हणून मीच सांगायचे. पोलिसांची गाडी दारात थांबली की समोरच्या सगळ्या खिडक्या उघडतात. तमाशा नको वाटायचा मला."

ताईने आईकडे पाहिलं, मग दादाकडे. दोघांचे चेहरे एकसारखे दिसत होते, हनुवटी किंचित पुढे. या घरात आपण एकटीच भांडत होतो आणि तेही घराशीच, असं काहीसं तिच्या मनात आलं.

"मी पण होते दुकानात," वहिनी हळूच म्हणाली. "फोन ऐकायचे मी यांचा. 'मिटलं साहेब, मिटलं साहेब.' मला वाटायचं, कुणाची तरी उधारी मिटली."

ताईला हसायचं नव्हतं. पण हसू आलं आणि वहिनीलाही ते आवरेना. दादा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला.

*

"ती मुलं येतात केव्हा?" फौजदार बाईंनी विचारलं.

"दिवे लागले की," आई म्हणाली.

"आणि आपण केव्हा येतो?"

"सकाळी, मॅडम," हवालदार म्हणाला. "किंवा अशा वेळी. संध्याकाळी ठाण्यावर माणसं कमी असतात."

बाईंनी विचार केला. मग त्याला गाडी घेऊन पलीकडच्या गल्लीत थांबायला सांगितलं. दगड स्वतः कागदात उचलला, खिडकीचे आणि जमिनीचे फोटो काढले आणि आईला म्हणाल्या, "आता झाडा, आजी. मी दिवे लागेपर्यंत थांबते. एखादी शाल द्याल का? गणवेश दिसायला नको."

झाडू ताईने कपाटामागून काढून दिला. आईने झाडलं. तुकडे सुपलीत वाजले तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून तिने खुर्चीखालचा कोपरा पुन्हा झाडला. दादा नेहमीच्या सवयीने चौकटीला अडकलेला सुळा काढायला गेला आणि हात मागे घेऊन परत आला.

चहा करायला आई आत गेली तेव्हा फौजदार बाई मागोमाग आल्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"आजी, एक विचारते. तुम्ही हे घर सोडून जाणार असाल तर आताच सांगा. घर रिकामं झालं की लोक म्हणतात, संपलं. माझे वरिष्ठही तेच म्हणतील."

"मला इथेच राहायचंय."

"मग मला सगळं दिसायला हवं. तुम्ही पुसून ठेवलेलं नाही. जसं आहे तसं."

आई "हो" म्हणाली. बाईंना दिसेल, त्याचं तिला काही नव्हतं. परक्या माणसाला दिसलं तर दिसलं. पण दादाही आज थांबणार होता. वहिनी थांबणार होती, ताई थांबणार होती. संध्याकाळी काय होतं, हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. काच फुटली, हे सांगता येतं. काच ही वस्तू आहे. बाकीचं सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता आणि एकदा का मोठ्या मुलाने ते बघितलं की तो आपल्या धाकट्या भावाकडे पूर्वीसारखं कधीच बघणार नाही, याची तिला भीती होती.

तिने कप भरले. टिल्लूचा कप अर्धाच भरला, तो हलवतो.

*

दिवसाच्या या वेळी दादा कधीच इथे नसायचा. दुकान उशिरापर्यंत चालायचं. तो यायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी, काच घेऊन, आणि तेव्हा रस्ता शाळेला जाणाऱ्या मुलांचा आणि दूधवाल्याचा असायचा.

पुढच्या खोलीत दिवा लावला होता. उघड्या तावदानातून थंडी येत होती. सगळे भिंतीच्या बाजूला बसले होते. टिल्लू मात्र त्याच्या खुर्चीत होता. तिथे बसायला मिळालं म्हणून खूश. फौजदार बाई आईची करडी शाल पांघरून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. दुरून कुणालाही आत्याबाई वाटल्या असत्या.

आधी शीळ आली. मग हाक.

"टिल्ल्या! ए टिल्ल्या!"

पोरांचे आवाज होते, नुकते फुटलेले. त्यातल्या एकाने टिल्लूची नक्कल केली, जीभ जड करून. नक्कल चांगली होती. दादाच्या अंगावर काटा आला, कारण क्षणभर त्याला वाटलं की टिल्लूच बोलला.

"चल, सुरू कर! वेळ झाली!"

टिल्लू उठला. त्याने स्वेटर खाली ओढून नीट केला, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि जागच्या जागी गोल फिरायला लागला. सावकाश, पाय जपून टाकत, न अडखळता. हे त्याने पुष्कळदा केलं होतं, हे दिसत होतं. बाहेर टाळ्या सुरू झाल्या.

"हा काय करतोय?" दादाने विचारलं.

"नाचला की जातात ते," आई म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती. "नाही नाचला तर दगड येतो. काल खुर्चीतच झोप लागली त्याला."

ताईने तोंडावर हात ठेवला. वहिनीने डोळे मिटून घेतले.

"रोज असंच?" फौजदार बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला नव्हता.

"आज कमी आहे," आई म्हणाली. "पाहुणे दिसतायत ना त्यांना."

दादा उठला. त्याने टिल्लूचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्याने धाकट्याचा हात असा धरला नव्हता. मनगट जाड होतं, मोठ्या माणसाचं.

"बस रे. बस खाली."

"सोड ना, दादा," टिल्लू म्हणाला. त्याला घाई झाली होती. "थोडंच राहिलंय. मग जातात."

फौजदार बाईंनी शाल स्टुलावर ठेवली आणि त्या बाहेर गेल्या. टाळ्या आणखी थोडा वेळ चालल्या, मग एकेक करत थांबल्या. पळण्याचे आवाज आले, गाडीचा दरवाजा, हवालदाराचा आवाज: "ए, थांब! तू कुठे निघालास? नाव सांग. पूर्ण सांग." एक पोरगा रडकुंडीला येऊन म्हणत होता, आम्ही काहीच नाही केलं, तो स्वतःच नाचतो, विचारा त्याला. समोरच्या खिडक्या उघडल्या. या वेळी आई उठून आत गेली नाही.

बऱ्याच वेळाने बाई परत आल्या. टेबलापाशी बसल्या, कोरा कागद काढला.

"आजपर्यंतचं सगळं एकाच तक्रारीत घेणार आहे मी. सगळे दगड, सगळ्या संध्याकाळी. मुलांचे आईबाप थोड्या वेळात इथे येतील, आरडाओरडा करतील. त्यांना करू दे. तुम्ही मला पहिल्यापासून सांगा, आजी. दादांनी बोलायचं नाही, ताईंनीही नाही."

ताई काही सांगणार होती, ती थांबली. दादाने टिल्लूचं मनगट अजून सोडलं नव्हतं. टिल्लूने तो हात तसाच राहू दिला होता आणि दुसऱ्या हाताने तो चहाचा कप हलवत होता.

"पहिला दगड कधी आला?"

"आधी दगड नव्हता," आई म्हणाली. "आधी त्यांनी त्याला नावाने हाक मारली. रस्त्यावरून जाता जाता. आजवर कुणी मारली नव्हती. तो इतका खूश झाला की मीच उठून खिडकी उघडून दिली."